दामाजीपंतांच्या काळची नाणी

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कीर्तनात ऐकली नाही असा मराठी भाविक विरळाच. दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली करणारा तो अंमलदार, बेदरच्या बादशहाचा कोप, आणि विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची किंमत चुकती करणारा पंढरीनाथ, हे सारे आपल्या मनात इतके ठसलेले आहे की त्यातील एका साध्या प्रश्नाकडे आपले लक्षच जात नाही. त्या थैलीतून जे ओतले गेले, ते नाणे होते कोणते? कीर्तनकार मोहरा सांगतात, कोणी रुपये सांगतात. भक्तास यात काही उणे वाटण्याचे कारण नाही. परंतु बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांतील जुनी नाणी जमविण्याचा छंद ज्यास आहे, त्याने हा प्रश्न एकदा स्वतःस विचारावा, असे आम्ही सुचवितो. कारण जुने नाणे ओळखण्याची सगळी विद्या या एका प्रश्नाच्या उत्तरात जवळजवळ सामावली आहे.

प्रथम काळ पाहू. बहमनी राज्य १३४७ मध्ये अलाउद्दीन हसन बहमनशाह याने स्थापिले. त्याची राजधानी गुलबर्गा, म्हणजे २०१४ पासून अधिकृतपणे ज्यास कलबुर्गी म्हणतात ते नगर. नाण्यांवर त्याचे नाव येते ते मात्र अहसनाबाद असे. राजधानी बेदरला नेली ती अहमदशाह वली याने. तो १४२२ मध्ये गादीवर आला. बेदरचे नाणेटाकसाळीतील नाव मुहम्मदाबाद. आता दामाजीपंतांची कथा काहीजण १३९६ नंतरच्या प्रसिद्ध दुर्गादेवीच्या दुष्काळाशी जोडतात. पण कथेतील बादशहा तर सर्वत्र बेदरचा आहे, आणि त्या दुष्काळाच्या वेळी तख्त गुलबर्ग्यास होते. यास्तव पंधराव्या शतकाच्या मध्यावर जो दुष्काळ दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला जातो, त्या काळी कथा ठेवणे अधिक सयुक्तिक होय. तेव्हा बेदरच्या गादीवर दुसरा अलाउद्दीन अहमदशाह (१४३६–१४५८) अथवा त्याचा पुत्र हुमायून (१४५८–१४६१) असणार.

म्हणजे थैलीत मोहरा नव्हत्या. 'मोहर' हे सोन्याच्या नाण्याचे नाव मोगलांच्या अमदानीत रूढ झाले. 'रुपया' शेरशहा सूराच्या काळचा, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यावरचा. महिपतीबोवांनी भक्तविजय १७६२ मध्ये लिहिला, त्या वेळी मोहरा व रुपये घरोघरी ठाऊक होते, आणि श्रोत्यांस समजेल त्या नाण्याचे नाव कथा सांगणाराच्या तोंडी यावे हे साहजिकच आहे. पंधराव्या शतकातील बेदरच्या खजिन्यात भरणा व्हावयाचा तो दोन नाण्यांत: बहमनी सुलतानांचा चांदीचा टंका आणि दक्षिणेतील जुना, सर्वमान्य सोन्याचा होन. बहमनी सोन्याचे टंकेही निघत, पण ते आज अतिशय दुर्मिळ आहेत, आणि बाजारातही ते फारसे फिरत नसावेत असे त्यांच्या दुर्मिळतेवरून वाटते.

चांदीच्या टंक्याचे वजन सुमारे १०.८ ते ११ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या सराफी मापाने अकरा मासे व वर काही गुंजा. तोळ्यास थोडा कमी. विजयनगरचा होन सुमारे ३.४ ग्रॅमचा, म्हणजे साडेतीन मासे. हजार टंके एका थैलीत भरले तर जवळजवळ अकरा किलो होतात. हजार होन साडेतीन किलोच्या आत बसतात. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन मंगळवेढ्याहून बेदरपर्यंत चालणाऱ्या विठूने यांपैकी काय घेतले, हे त्यालाच ठाऊक!

हे टंके पाडीत कसे, ते समजल्यावाचून त्यांची पारख होत नाही. आपल्या भाषेने 'नाणे पाडणे' हा शब्दप्रयोग जपून ठेवला आहे, त्यात ती क्रिया आहे. कस तपासलेल्या चांदीच्या ठरल्या वजनाच्या चकत्या करीत. एक ठसा ऐरणीत घट्ट बसविलेला, त्यावर चकती, चकतीवर दुसरा ठसा हाताने धरलेला, आणि त्यावर घणाचा घाव. ठशावरील अक्षरे उलटी कोरलेली असत, म्हणजे नाण्यावर ती सुलटी उठत. हात किंचित ढळला तर छाप एका बाजूस सरकते. घाव दोनदा पडला तर अक्षरे दुहेरी दिसतात. चकतीची कड घावाने फुटते. शिवाय ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून संपूर्ण लेख एकाच नाण्यावर क्वचितच सापडतो. यामुळेच हातोड्याने पाडलेल्या नाण्याचे दुसरे हुबेहूब नाणे नसते. ठसा एकच असू शकतो, घाव एकच असू शकत नाही.

या एका गोष्टीवर खऱ्याखोट्याची अर्धी परीक्षा उभी आहे. दोन टंके शेजारी ठेविले, आणि दोहोंची छाप तितकीच डावीकडे सरकलेली, दोहोंच्या काठास त्याच ठिकाणी तीच भेग, तोच खळगा असे दिसले, तर ती नाणी पाडलेली नसून साच्यात ओतलेली आहेत, हे निःशंक समजावे. ओतीव नाण्याच्या काठावर साच्याच्या दोन अर्धांचा जोड घासून काढलेला दिसतो, पृष्ठावर बारीक फोड अथवा छिद्रे असतात, आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत लागतात. पाडलेल्या नाण्यात धातू घावाखाली सरकून ठशाच्या खाचेत शिरलेला असतो; त्याची अक्षरे झिजली तरी त्यांची मुळे ठाम असतात.

दुसरी परीक्षा वजनाची, आणि ती घरी करता येते. नाणे हवेत तोलावे; मग रेशमी दोऱ्याने बांधून पाण्यात बुडते ठेवून तोलावे. हवेतील वजनास जी घट आली तिने भागिले की धातूची घनता निघते. चांदीची साडेदहा, तांब्याची सुमारे नऊ, पितळेची साडेआठ, सोन्याची एकोणीसच्या वर. १०.८ ग्रॅमचा खऱ्या चांदीचा टंका पाण्यात एक ग्रॅमहून किंचितच अधिक हलका होईल. तेवढ्याच वजनाचा, वर चांदीचा मुलामा दिलेला पितळी तुकडा सव्वा ग्रॅमने हलका होईल. कसोटीच्या दगडावर घासण्यापेक्षा ही रीत बरी, कारण तिने नाण्यास ओरखडा पडत नाही. जुन्या सराफांना मात्र ओरखड्याची पर्वा नव्हती. त्यांनी नाण्यावर लहान लहान टोचे मारून कस पाहिलेला असतो, आणि अशी खूण असलेल्या नाण्यास आज किंमत कमी येते. आम्हांस ही खूण प्रिय आहे. कोण्या पेठेत, कोण्या सराफाने हे नाणे हातावर खेळवून संशयाने टोचले आणि मग पत्करले, त्याची ती सही होय.

आता लेखाविषयी. टंक्यावरील लेख अरबी. एका बाजूस सुलतानाच्या पदव्या, दुसऱ्या बाजूस त्याचे व त्याच्या पित्याचे नाव, आणि कडेच्या पट्टीत टाकसाळीचे नाव व हिजरी साल. पहिल्या बहमनशाहाने आपणास 'सिकंदर-उस-सानी', म्हणजे दुसरा शिकंदर म्हणवून घेतले, ते त्याच्या नाण्यावर आहे. अरबी न जाणणाऱ्याने भिऊन जाऊ नये. प्रथम अंक शिकावेत: उभी रेघ म्हणजे एक, वर उघडा कोन म्हणजे सात, तोच कोन छपरासारखा पालथा म्हणजे आठ, टिंब म्हणजे शून्य. हिजरी सालास ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळविले की इसवी सन सुमाराने निघतो. ८६२ हे साल आले तर १४५८, म्हणजे अहमदशाहाचा अंत व हुमायूनचा आरंभ. दामाजीपंतांचा काळ तो हाच. यानंतर 'बिन' हा शब्द शोधावा, त्याच्या अलीकडे राजा व पलीकडे बाप. 'बहमनी' हा शब्द तर शे-दोनशे नाणी पाहिल्यावर डोळे आपोआप वेचू लागतात.

टाकसाळीच्या नावाने मात्र फसू नये. 'अहसनाबाद' दिसले म्हणून नाणे बहमनीच असे नाही. औरंगजेबाने या प्रांतात पाडलेल्या रुपयांवरही अहसनाबाद हे नाव आहे. बेदर त्याने १६५७ मध्ये घेतले आणि त्याचे नाव जफराबाद ठेविले. तेव्हा प्रथम वजन व घडण, मग राजाचे नाव आणि शेवटी टाकसाळ, हा क्रम धरावा.

चांदीचे टंके बहुतेकांच्या हाती येत नाहीत. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, हुमनाबाद या बाजूस जुन्या घरांच्या फडताळांत व देव्हाऱ्यांत जे सापडते ते तांबे. जाड, ओबडधोबड, काही सुमारे सोळा ग्रॅमचे, काही दहा-अकराचे, काही आठ व पाचचे. यांपैकी पुष्कळ नाण्यांवर शेवटच्या सुलतानांची नावे असतात: महमूदशाह, वली अल्लाह, कलीम अल्लाह. महमूदशाह १४८२ ते १५१८ असा दीर्घकाळ गादीवर होता, आणि त्याच्यामागून आलेले ते बरीदांच्या हातातील बाहुली होती. राज्याचे पाच तुकडे होत असताना तांब्याची नाणी मात्र त्या नामधारी बहमनींच्याच नावाने निघत राहिली. सत्ता बरीदांची, नाव बहमनींचे. याचे कारण शोधावयास दूर जावयास नको. बाजारास राजाशी कर्तव्य नसते, ओळखीच्या छापेशी असते.

याच कारणाने फिरिश्त्याने सांगितलेली एक कथा सावधपणे वाचावी असे आम्हांस वाटते. तो लिहितो की पहिल्या मुहम्मदशाहाच्या काळी, १३६० च्या सुमारास, विजयनगर व तेलंगणच्या राजांच्या चिथावणीने येथील हिंदू सोनार बहमनी नाणी वितळवून टाकीत, म्हणून सुलतानाने त्यांना देहान्त शासन दिले. फिरिश्ता विजापुरात सतराव्या शतकाच्या आरंभी लिहीत होता. मधे अडीचशे वर्षे गेली होती. सोनारांनी नाणी वितळविली असतील, हे खोटे म्हणण्याचे कारण नाही. पण त्यामागे राजाज्ञा शोधण्यापेक्षा सराफाचा तराजू पाहावा. ज्या मुलखात सारा, देवस्थानांची उत्पन्ने आणि लग्नकार्याचे देणेघेणे पिढ्यान्पिढ्या होन व पणांत मोजले जाई, तेथे नव्या वजनाचे जड सोन्याचे नाणे लोकांस अवघडच वाटणार, आणि अवघड नाणे मुशीत जाते. ही गोष्ट धर्माची नसून वजनाची आहे.

होन मोजण्याची ही सवय किती जुनी, ते याच दोन जिल्ह्यांतील भूमी सांगते. कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, हे चालुक्यांचे राजधानीचे नगर. त्यांच्या काळच्या शिलालेखांत देवाच्या नंदादीपासाठी, नैवेद्यासाठी, अग्रहारातील विद्यार्थ्यांसाठी दिलेली दाने गद्याण व पण या नाण्यांत सांगितलेली असतात. जगदेकमल्लाच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंहाचे छाप वेगवेगळे ठोकलेले आढळतात. त्याही आधीची राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. तेथे टीकाचार्यांच्या वृंदावनाच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू राष्ट्रकूटांच्या पडक्या कोटाजवळूनच जातात. एवढ्या बलाढ्य राजवंशाची नाणी मात्र अतिशय थोडी मिळतात. गाणगापूरच्या यात्रेकरूंनाही आम्ही आठवण देऊ इच्छितो की श्रीगुरूंच्या चरित्रात बेदरच्या ज्या राजाची कथा आहे, तो बहमनी घराण्यातलाच मानला जातो. भीमा-अमरजेच्या संगमावर त्या काळी भाविकांनी जे तांबे वाहिले असेल, ते याच टाकसाळींतले.

विजयनगरच्या होनावर उमामहेश्वर, बाळकृष्ण, गंडभेरुंड अशी चित्रे आणि मागे नागरी अक्षरांत 'श्री प्रताप कृष्ण राय', 'श्री प्रताप अच्युत राय' अशी नावे असतात. ती वाचावयास आमच्या वाचकांस अडचण पडू नये. आणि एक गंमत पाहा. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या तांब्याच्या नाण्यावर फारसी लिपीत जे शब्द आहेत, ते 'अबला बली'. दुबळ्यांचे बळ! शब्द आपले, लिपी त्यांची. बरीदांचे बेदर १६१९ मध्ये याच इब्राहीमने जिंकले. या नाण्याची ओळख आम्ही प्रत्येक नव्या संग्राहकास आधी करून देतो, कारण ते स्वस्त आहे आणि ते हाती घेतल्यावर दोन समाजांमधील व्यवहाराविषयी पुष्कळ पोथ्यांहून अधिक समजते. कोकणपट्टीच्या आमच्या वाचकांनी लारीही ध्यानात ठेवावी: चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेली, केसांच्या आकड्यासारखी दिसणारी. दुसऱ्या अली आदिलशाहाने ती पाडली, आणि तिचे नाव इराणातील लार या गावावरून आले. कोकणीत पैशास 'दुडू' म्हणतात, तोही घाटावरच्या कन्नड तांब्याच्या नाण्याचा शब्द. मराठीतला 'टका' टंक्याचाच वंशज.

हातोड्याची ही परंपरा फार उशिरापर्यंत चालली. शिवछत्रपतींची शिवराई 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' या अक्षरांनी ओळखावी. पण मधे दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' ही पेशवाईच्या उत्तरार्धातील व त्यानंतरची होय, ती महाराजांच्या हातची म्हणून कोणी विकू लागल्यास घेऊ नये. निजामाच्या राज्यात कल्याणी व शोरापूर (आता यादगीर जिल्ह्यात) येथेही टाकसाळी होत्या, आणि चारमिनाराची छाप असलेला यंत्राचा रुपया विसाव्या शतकाच्या आरंभी येण्यापूर्वी हाली शिक्का बहुतांशी हातानेच पडत असे.

किमतीविषयी थोडे. वय म्हणजे किंमत, हा समज सोडून द्यावा. पाचशे वर्षांपूर्वीचे कलीम अल्लाहचे तांबे ढिगाने मिळते, म्हणून ते स्वस्त. किंमत येते ती विरळपणास, छापेच्या पूर्णतेस, टाकसाळ व साल दोन्ही वाचता येत असतील तर त्यास, आणि अंगच्या जुन्या रंगास. हा शेवटचा मुद्दा आम्ही कळकळीने सांगतो, कारण तेथे आपल्याच घरातील भक्ती नाण्याची वैरीण होते. लक्ष्मीपूजनास काढलेले, कलशात घातलेले, तळी उचलताना ताटात ठेवलेले नाणे वर्षानुवर्षे चिंचेने व राखेने घासून लख्ख केले जाते. एकेका दिवाळीत एकेक अक्षर जाते. तांब्यावरचा तो हिरवट-काळा थर म्हणजे मळ नव्हे. त्यानेच लेख जपलेला असतो. पूजेस नाणे अवश्य ठेवावे, गंध-फूल वाहावे, पण स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या मऊ फडक्याने टिपावे, इतके पुरे. घासून गेलेला राजा कोणत्याही सराफास परत आणता येत नाही. देवस्थानांच्या विश्वस्तांनाही विनंती आहे की दानपेटीतील जुने चांदी-तांबे प्रभावळीसाठी अथवा टाकांसाठी मुशीत जाण्यापूर्वी एकदा जाणत्याच्या डोळ्यांखालून घालावे. मूस एकदा पेटली की मग सुलतान आणि शिवराई दोन्ही सारखेच.

याच्या उलट, ज्यास काहीच मोल नाही अशा गोष्टी भाविकांच्या गळ्यात बांधल्या जातात. रामपंचायतनाची प्रतिमा असलेले 'रामटंके' ही पूजेची पदके होत, कोणत्याही राज्याचे चलन नव्हेत. 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असा मजकूर आणि मागे रामदरबार अथवा मारुती असलेली नाणी कंपनीने कधीही काढली नाहीत. तांदूळ ओढून घेणारे चमत्कारी नाणे म्हणून लक्षावधी रुपये उकळणाऱ्या टोळ्यांवर ठिकठिकाणी खटले झाले आहेत. आणि 'दामाजीपंतांच्या थैलीतली मोहर' म्हणून कोणी काही पुढे केले, तर ते काय असू शकत नाही, हे वाचकांस आता कळलेच आहे.

राहिला कायदा. नांगराखाली वा घर पाडताना नाण्यांचे भांडे सापडले, तर त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परदेशी नेता येत नाही, व त्याचा व्यापार करणारास परवाना लागतो. पुष्कळांस हा जाच वाटतो. पण भांड्यातील नाणी एकत्र असली तरच ती कोणत्या साली पुरली, बहमनी टंका व विजयनगरचा होन एकाच हातात होते की नाही, हे सांगू शकतात. रात्रीतून चार घरी वाटली गेली की ती मुकी होतात. कोठारे आणि दुष्काळ यांच्या कथांस आधार द्यावयाचा किंवा त्या दुरुस्त करावयाच्या, तर तो पुरावा अशाच भांड्यात असणार.

म्हणून आपल्याजवळचे प्रत्येक नाणे कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवावे व पाकिटावर वजन, व्यास, कोठे व केव्हा मिळाले ते लिहावे. गावाचे नाव तर कधीच गाळू नये. वाचनासाठी हैदराबादच्या सरकारी संग्रहालयातील बहमनी नाण्यांची अब्दुल वली खान यांनी केलेली १९६४ ची सूची आजही उपयोगी आहे, आणि गोरोन व गोएंका यांचा सुलतानांच्या नाण्यांवरील २००१ चा ग्रंथ तर हाताशी असलाच पाहिजे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. ज्यांस बेदरपर्यंत जाणे घडेल त्यांनी किल्ला व महमूद गवानची मदरसा पाहून अष्टूरला जावे. तेथे अहमदशाह वलीची कबर आहे, उरुसास हिंदू व मुसलमान दोघेही येतात, आणि मुहम्मदाबादेस तख्त त्यानेच आणले होते.